निळ्या फरशीवरचे थांबे

फरशीच्या दुकानात शिरलं की आमचे घरमालक आधी चपला काढायचे आणि मग डोळे मिटून घ्यायचे. दुकानदार बिचारा पंखा लावून, पाण्याचा ग्लास पुढे करून "या काका, कोणती दाखवू?" म्हणेपर्यंत हे दोन्ही हात पुढे करून, खाली मांडलेल्या नमुन्यांवरून पाय घासत चालायलाही लागलेले असायचे. शेलूबाजारला हायवेवरच्या एका दुकानात असेच चालत चालत गेले आणि विकायला ठेवलेल्या वॉशबेसिनला त्यांनी मिठी मारली. मी सोबत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण दुकानात सगळीकडे फरशीच, धरणी दुभंगणार कुठून!

"काका, डोळे उघडा ना," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"डोळ्याचं इथं काय काम हाये?" ते म्हणाले. दबका आवाज हा प्रकार त्यांच्याकडे नव्हताच. "फरशी मले पायाखाली टाकाची हाये, का कपाळावर?"

दुकानदार फिस्सकन हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो लगेच फडकं घेऊन काउंटर पुसायला लागला. हसायचं तर आम्ही हसू, तू कोण?

काका म्हणजे एसटीतले कंडक्टर, रिटायर झालेले. मी तेव्हा शेलूबाजारला बँकेत कारकून होते आणि त्यांच्या घराची मागची खोली मी भाड्यानं घेतली होती. माझं गाव आसेगाव, म्हणजे काही परदेश नव्हे. रोज जाऊन-येऊन जमलं असतं. पण सकाळी जीपमध्ये दोन बायांच्या मांडीवर अर्धी अर्धी बसून नोकरीला जायचा मला भयंकर राग यायचा, आणि एकदा राग आला की माझं दिवसभर कामात लक्ष लागत नाही. म्हणून खोली. पाहायला गेले तेव्हा मी दारातच उभी राहून विचारपूस करत होते, तर आतून आवाज आला, "दारात उभं राहू नका! पुढं सरका! आत जागा हाये!" मी दचकून आत गेले आणि दहा मिनिटांत चहा पिऊन खोली ठरवूनच बाहेर आले.

रिटायर झाल्यावर काकांची फक्त बस गेली होती, नोकरी चालूच होती. घरात पाहुणे आले की ते मुंडकी मोजत. लहान मूल जेवायला बसलं की काकूंना विचारत, "याले हाफ का फुल?" पाहुणे निघाले की दाराच्या चौकटीवर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करत. डबल बेल, म्हणजे जाऊ द्या गाडी. एकदाच टकटक केली तर थांबा. ही भाषा त्या घरात इतकी मुरली होती की काकूसुद्धा ताटात भात वाढून घेताना पुरे झालं की चमच्यानं एक ठोका द्यायच्या. पहिले काही दिवस मला वाटलं, आपण कुठं येऊन पडलो. मग मीही वाटी वाजवायला लागले.

त्यांचा सगळा विश्वास तळपायावर. "गाडी खच्चून भरली का खिडकी दिसत नाही," ते सांगायचे. "पुढंही डोके, मांगंही डोके. मंग कंडक्टरनं गाव वळखावं कसं? पायानं! अनसिंग आलं का पायाले गुदगुल्या होत. शेलूबाजारच्या अलीकडं गाडी पाळण्यावानी हाले. मी डोळे मिटून सांगो, उतरा भाऊ, तुमचं गाव आलं. आन् गाव आलेलंच राहे."

"आन् त्या बाईले भलत्याच गावात उतरवली, ते?" काकू आतून विचारायच्या.

"रस्ता दुरुस्त केला होता वं तिथला! मले सांगितलं का कोणी?"

असा हा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या घरात फरशी नव्हती. हॉलमध्ये सिमेंटचा कोबा होता, जागोजाग भेगा पडलेला, कितीही झाडा, भुसभुस निघायचीच. "फरशी रिटायर झाल्यावर," असं काका लग्न झाल्यापासून सांगत आले होते, आणि काकूंनी ते मनात धरून ठेवलं होतं. कोणाच्याही घरी गेल्या की आधी खाली बघायच्या. हळदीकुंकवाला जाऊन आल्या की मला सांगत, त्यांच्याकडं पिस्ता रंग टाकला, त्यांच्याकडं बदामी, त्या अमकीकडं पांढरी टाकली पण नुसती दवाखान्यावानी दिसते.

रंगाच्या बाबतीत काकूंचा शब्द म्हणजे शब्द. आमच्याकडे लग्न ठरलं की सगळं खटलं घेऊन कापडाच्या दुकानात बस्ता बांधायला जातात. गादीवर मांडी घालून बसायचं, चहा प्यायचा, लुगड्यांचा ढीग पाडायचा आणि मानपानाचं सगळं कापड एका बैठकीत घ्यायचं. गल्लीतला एकही बस्ता काकूंशिवाय झाला नाही. दहा हिरव्या साड्या पुढे टाकल्या तर काकू एकच उचलायच्या आणि नवरी उजळून निघायची. दुकानदार त्यांना आलेलं पाहून कपाळाला हात लावायचा, कारण वरच्या फळीवरची साडीसुद्धा त्या उतरवायला लावत.

नेमकं काका रिटायर झाले त्या सुमारास काकू चहा कपाच्या बाहेर ओतायला लागल्या. बाजूनं आलेलं माणूस त्यांना दिसेना. आधी चष्मा बदलून पाहिला, मग अकोल्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, उशीर झालाय. गेलेली नजर परत यायची नाही. उरली ती औषधाच्या थेंबांवर जितकी टिकेल तितकी; कडेकडेनं जात जात एक दिवस मधलीही जाईल. मुलगा पुण्याला, तो म्हणाला दोघंही इकडे या. काकूंना ते बिलकुल नको होतं. "तिथं मले मोरी सापडाची नाही," त्या म्हणाल्या. "इथं घर तरी पाठ हाये. इथं माह्या पायानं हिंडीन."

तेव्हा फरशी नजर जायच्या आत बसली पाहिजे, यावर दोघांचं एकमत होतं. भांडण होतं ते फरशी कोणासाठी यावर, काकूंच्या डोळ्यांसाठी की काकूंच्या पायांसाठी.

काकांचा बेत पक्का होता. सगळ्या घराला एकच गुळगुळीत फरशी टाकायची नाहीच. स्वयंपाकघराच्या दारात खरबरीत, मोरीच्या वाटेवर रेघारेघांची, निजायच्या खोलीपुढे दाणेदार, बाहेरच्या दारात दगडी. पाय ठेवला की समजलं पाहिजे, कोणतं गाव आलं. त्याला ते थांबे म्हणायचे. म्हणून तर हे डोळे मिटून दुकानं पालथी घालणं. शेलूबाजार झालं, मंगरूळपीर झालं, वाशीम झालं. प्रत्येक दुकानातून एक-दोन नमुने मागून आणायचे, कोब्यावर तसेच सुटे मांडायचे आणि त्यावरून चालून पाहायचं. चालताना ओरडायचे, "सैपाकघर! सैपाकघरवाले पुढं या!" पुढच्या दोन पावलांवर, "मोरी! मोरी हाये का कोणी?"

"घर हाये का डेपो?" काकू म्हणायच्या.

परीक्षेला मीही होते. एका रविवारी काकांनी माझ्या डोळ्यांवर आपला दुपट्टा बांधला, हॉलच्या मधोमध मला गरगर फिरवलं आणि म्हणाले, "जाय, पाणी घेऊन ये सैपाकघरातून." मी मोठ्या दिमाखात निघाले. रेघा लागल्या, दाणे लागले, मग काय लागलं कोण जाणे. दुपट्टा सोडला तेव्हा मी देव्हाऱ्यापुढे उभी होते आणि माझा एक हात आरतीच्या ताटात होता. काकू इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

"पाह्यलं?" काका म्हणाले. "इले डोळे हायेत तरी इले पाय नाहीत."

मला राग आला. पण काकू हसत होत्या म्हणून गिळला. त्या दिवसांत त्यांना हसताना पाहणं सोपं राहिलं नव्हतं.

तसं पाहिलं तर काकांचं चूक नव्हतं. पण माणूस एकदा आपल्या कल्पनेवर स्वार झाला की त्याला समोरचं दिसत नाही, मग डोळे मिटलेले असोत की उघडे. महिने जात होते. नमुने वाढत होते. काकू रोज जरा जास्त मान वळवून बघत होत्या, आणि काका रोज म्हणत होते, "मोरीवाली अजून पसंत नाही पडून राह्यली."

मग जे व्हायचं तेच झालं. सुट्या मांडलेल्या नमुन्यांच्या कडा कोब्याच्या वर आलेल्या. काकू सकाळी पाण्याची बादली घेऊन आल्या, रेघांच्या फरशीच्या कडेला अंगठा अडला आणि त्या तोंडावर पडल्या. मी धावत आले तर सगळं पाणी हॉलभर, बादली दारापर्यंत गेलेली आणि काका काकूंचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले. मनगट सुजलं होतं, ओठ फुटला होता. दुसरं काही नव्हतं, पण काकांचा चेहरा पांढरा फटक पडला होता.

त्यांनी सगळे नमुने उचलले आणि बाहेर नळाजवळ चळत लावून ठेवली. त्यानंतर दोन दिवस घरात एकही थांबा पुकारला गेला नाही. पाहुणे आले, गेले, चौकट वाजली नाही. मला ते इतकं भकास वाटायला लागलं की मीच ताटावर चमचा वाजवून पाहिला. कोणी वर पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना काकूच बोलल्या. आवाज चढवला नाही, पण मी घास हातात धरून बसले.

"तुमी माह्या आंधळेपणाची तयारी करून राह्यले," त्या म्हणाल्या. "मी अजून आंधळी झाली नाही. मले दिसते अजून. थोडं दिसते, पण दिसते. पायाचं काय, पाय तं मरेपर्यंत हायेतच. दिसते तोवर मले चांगली फरशी पाहू द्या ना जी! एवढी वर्षं थांबली मी."

काकांनी चमचा उचलला आणि ताटावर हळूच दोन ठोके दिले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही वाशीमला गेलो. मी बँकेतून रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं तर मी म्हटलं, घरचा बस्ता आहे. खोटं नव्हतं ते. काकू फरशीच्या त्या मोठ्या दुकानात गेल्या आणि सरळ खाली मांडी घालून बसल्या. दुकानदारानं खुर्ची पुढे केली, त्यांनी हातानं बाजूला सारली.

"दाखव," त्या म्हणाल्या. "एकेक उघडून दाखव."

"काकू, हे काय लुगडे हायेत का उघडाले? भिंतीवर लावलेल्या हायेत, पाहा ना."

"भिंतीवर तुही फरशी. माही फरशी माह्यापुढं मांड."

आणि त्यानं मांडल्या! बिचारा घामाघूम झाला, पण काकूंपुढे फरश्यांचा ढीग पडला. काकू एकेक फरशी जवळ ओढायच्या, नाकाशी आणून डावीकडून उजवीकडे मान फिरवत बघायच्या, कारण नजर आता बोगद्यासारखी मधेच उरली होती. दुकानदार पांढरी पुढे करायचा, राखाडी पुढे करायचा, म्हणायचा हेच चालून राह्यलं आता, शहरात सगळे हेच टाकतात. काकू बाजूला सारत.

"रंग दाखव, बापू," त्या म्हणाल्या. "काळं तं मले पुढं फुकटच भेटणार हाये."

दुकानदाराचा हात तसाच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मानेनं हो म्हटलं. तो मागच्या गोदामात गेला आणि एक धुळीनं माखलेलं खोकं घेऊन आला. एका ढाब्यावाल्यानं मागवली होती, भडक दिसते म्हणून नेलीच नाही, एका हॉलपुरती आहे, असं म्हणत त्यानं एक फरशी शर्टाच्या बाहीनं पुसली आणि काकूंच्या पुढ्यात ठेवली.

निळी. काय सांगू, मोराच्या मानेसारखी निळी. हलवली की त्यातून हिरवं निघायचं आणि परत निळ्यात जायचं. काकूंनी ती मांडीवर घेतली. मग पदरानं कोपरा न् कोपरा पुसला.

"हे," त्या म्हणाल्या.

काकांनी चपला काढल्या. सवयीनं डोळे मिटले, फरशीवर पाऊल ठेवलं आणि सर्रकन् घसरले. दुकानदारानं धरलं म्हणून वाचले. सगळ्या वाशीमभर शोधून याहून गुळगुळीत फरशी सापडली नसती. मला वाटलं आता हा माणूस दुकान डोक्यावर घेणार. काकांनी डोळे उघडले. फरशीकडे नाही, काकूंकडे पाहिलं.

"दिसते का तुले बराबर?"

"बराबर दिसते."

"हिरवंही दिसते?"

"हिरवंही दिसते."

"बांध मंग," काका दुकानदाराला म्हणाले. जसं साडीच्या दुकानात म्हणतात, तसं.

फरशी बसली तेव्हा गल्ली लोटली पाहायला. कोणी म्हणालं, घर आहे की पोहायचं टाकं. कोणी म्हणालं, म्हातारपणी ही काय हौस. मी एकीला तोंडावर विचारलं, "तुमच्या घरी दवाखान्यावानी पांढरी टाकली ती कोणी पसंत केली होती?" ती परत आली नाही, बरं झालं. काकू मात्र कोणाला काही बोलल्या नाहीत. दुपारी खिडकीतून ऊन आत यायचं आणि हॉलच्या मध्यावर पसरायचं. काकू त्या उन्हात बसून तूर निवडायच्या, निवडता निवडता थांबायच्या आणि खाली बघत राहायच्या. किती सुखी दिसायची ती बाई! मी बँकेतून आले की मलाही बसवून घ्यायच्या. "पाह्य, आता कशी दिसते. सकाळी येगळी होती."

काकांनी हार मानली असं कोणाला वाटलं असेल तर त्यानं त्यांना ओळखलंच नाही. फरशी डोळ्यांसाठी झाली, आता पायांसाठी सतरंज्या. पुन्हा तेच, डोळे मिटून बाजारात फिरणं. सुती सतरंजी, लोकरीची घोंगडी, काथ्याची पट्टी, तरटाचे तुकडे. शेलूबाजारच्या बाजारात घोंगडीवाल्यापुढे हे चपला काढून घोंगडीवर उभे राहिले, तर तो म्हणाला, "बाबा, घोंगडी पांघराची राहते!" त्यावर हे, "तू पांघर, मले उभं राहू दे." घोंगडी निजायच्या खोलीकडे, काथ्या मोरीकडे, तरट बाहेरच्या दारात आणि जाड सुती सतरंजी स्वयंपाकघराकडे, असे थांबे ठरले. निळ्या फरशीवर त्या सरकू नयेत म्हणून हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूब आणल्या, कात्रीनं पट्ट्या कापल्या आणि सुईदोऱ्यानं प्रत्येक सतरंजीच्या खालून शिवल्या. वर पाय मारून पाहिला, हलेना. चेहऱ्यावर असा आनंद की जणू नवी गाडीच मिळाली.

"पण आत्ता टाकाच्या नाही," काकूंनी बजावलं. "माही फरशी झाकाल तं खबरदार."

"कोण झाकून राह्यलं? राहतीन कोपऱ्यात."

आणि राहिल्या. गुंडाळी करून भिंतीशी उभ्या, वाट बघत. काका रोज त्यांची धूळ झटकायचे, पण एकही स्वतःहून कधी पसरली नाही. काकू अंदाजानं चालायच्या, भिंतीला हात लावून चालायच्या, एकदा मोरीच्या वाटेवर घसरता घसरता वाचल्या, तेव्हा काका नुसते खुर्चीतून उठले आणि परत बसले. हाताच्या मुठी वळलेल्या. मी रागानं त्यांना म्हटलं, टाका ना हो ती पट्टी, कसली वाट बघता? ते म्हणाले, "पाशिंजरनं सांगितल्याशिवाय गाडी थांबवता येते का, पोरी?"

एके दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले होते. काकू मोरीच्या दिशेनं तोंड करून उभ्या होत्या. खाली बघत होत्या, मग वर बघितलं, मग पुन्हा खाली.

"आयकलं का जी," त्या म्हणाल्या. "ते काथ्याची पट्टी टाका बरं मोरीकडं."

काकांनी पट्टी उचलली, पसरली, चारी कोपरे पायानं दाबले. पुकारलं नाही. काकू त्यावरून एकेक पाऊल टाकत मोरीपर्यंत गेल्या. मी पायात चप्पल सरकवून बाहेर पडले आणि गल्लीच्या टोकापर्यंत रडत गेले. मला रडायला आवडत नाही, पण त्या दिवशी इलाज नव्हता.

त्यानंतर घोंगडी पडली. मग तरट. स्वयंपाकघराची सतरंजी सगळ्यात शेवटी. ती पडायच्या आधीच माझी बदली झाली. निघताना काकांनी चौकट वाजवली, दोनदा. मी जीपमध्ये बसेपर्यंत ते दारात उभे होते, आणि दारात उभं राहू नका, हे त्यांना सांगायला त्या दिवशी कोणी नव्हतं.

मध्ये फोन व्हायचे. जाणं मात्र झालं ते यंदाच. काकूंना आता काहीच दिसत नाही. मी दारात चपला काढल्या, तर आतून काकूंचा आवाज, "तरटावर कोण उभं हाये? पुढं सरका!" माझं नाव सांगितलं तर सरळ चालत आल्या. भिंतीला हात नाही, काठी नाही. घोंगडीवरून वळल्या, सतरंजीवरून आल्या आणि माझ्या पुढ्यात थांबून त्यांनी माझं तोंड चाचपलं. "वाळली वं माय," म्हणाल्या. मग स्वतः चहा केला. एक थेंबही बाहेर सांडला नाही. कपाच्या काठाला बोट लावून ओतत होत्या. पुण्याचं नाव आता मुलगाही काढत नाही. काकांचे गुडघे गेलेत, ते खुर्चीतच असतात जास्त. मधूनच सवयीनं पुकारायला जातात, "सैपाक…" तर काकू म्हणतात, "गप बसा, मले समजते."

हॉलभर वाटा पडलेल्या होत्या. निळी फरशी आता कडेकडेनं तेवढी दिसत होती. मला वाईट वाटलं.

रात्री तिथेच राहिले. सकाळी उठले ती चौकटीवरच्या आवाजानं. टक. एकदाच. काकू स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ राहिल्या. मी हॉलमध्ये डोकावले तर काकांनी सगळ्या सतरंज्या, घोंगडी, पट्ट्या गुंडाळून भिंतीशी उभ्या केल्या होत्या, आणि गुडघे गेलेला तो माणूस खाली हातापायांवर वाकून ओल्या फडक्यानं फरशी पुसत होता. एकेक चौकोन. पुसायचे, तोंड जवळ न्यायचे, परत पुसायचे. खिडकीतून ऊन आलं आणि हॉल सगळा निळा झाला. मी विसरलेच होते, किती निळी होती ती.

"काका, अहो, हे काय? मी करते ना. आणि कायले पुसता? ही तर सतरंज्यांखालीच राहते. काकूंना तर…"

मी जीभ चावली. पण ते रागावले नाहीत. फडकं पिळत म्हणाले, "तिले दिसत नाही, पण ते रोज इचारते ना मले. मंग खोटं कायले सांगू?"

तेवढ्यात आतून काकू म्हणाल्याच, "पुसली का? कशी दिसते आज?"

काकांनी मान खाली नेली. डोळे मोठे करून, अगदी फरशीला नाक लावून, त्यांनी पाहिलं.

"आज ऊन चांगलं हाये," ते म्हणाले. "मधात हिरवी मारते."

"हिरवी का मोरपंखी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, हातानं खूण करून मला खाली बोलावलं. मी त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर बसले. आम्ही दोघं त्या एका चौकोनावर वाकून बघत राहिलो.

"मोरपंखी," काका शेवटी म्हणाले. "पण खिडकीपाशी. इकडं निळीच हाये, आणली तशी."

"हं," काकू म्हणाल्या. आवाजात समाधान होतं.

मग मी आणि काकांनी सतरंज्या पुन्हा पसरल्या. काथ्या मोरीकडे, घोंगडी खोलीकडे, सतरंजी स्वयंपाकघराकडे, तरट दारात. काका भिंतीला धरून उठले, डोळे मिटले आणि प्रत्येक वाटेवरून एकदा चालून आले. कुठं काही हललं नाही. मग त्यांनी डोळे उघडले आणि चौकटीवर टकटक केली, दोनदा.

काकू पाटावरून उठल्या आणि हॉलमध्ये आल्या.